जुने स्पीकर घ्यावेत काय?

पुण्यातील माझे एक स्नेही नुकतेच महाविद्यालयातील अध्यापनातून निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी रसायनशास्त्र शिकविले आणि जन्मभर गाणे ऐकले; परंतु ज्या साधनांवर ऐकले त्यांचे वर्णन न केलेलेच बरे. आता भविष्यनिर्वाह निधीचे चार पैसे हाती आले, तेव्हा एकदा तरी मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज घरच्या घरी नीट ऐकावा अशी त्यांस इच्छा झाली. आणि ह्या इच्छेस कोणी नावे ठेवील असे मला वाटत नाही. अशात गावातल्याच एका घरी १९८० च्या सुमाराची, परदेशी बनावटीची आणि आपल्या काळी अत्यंत महाग असलेली स्पीकरची जोडी विकावयाची आहे असे त्यांस कळले. मूळ मालक वारले, मुलगा परदेशी स्थायिक, घर रिकामे करावयाचे. किंमत एक लाख चाळीस हजार रुपये. हे घ्यावेत काय, असा प्रश्न माझ्या स्नेह्यांनी आपल्या श्रवणमंडळातील एका जाणत्या गृहस्थांस विचारला. ते म्हणाले, "जुना तंबोरा आणि जुना स्पीकर, दोन्ही जितके मुरतील तितके गोड. डोळे मिटून घ्या."

प्रस्तुत लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. ते गृहस्थ सज्जन आहेत, त्यांचा कान तयार आहे, विक्रेत्याशी त्यांचे काही लागेबांधे नाहीत. म्हणूनच त्यांच्या वाक्याची भीती अधिक. दुकानदाराचे बोलणे आपण निम्मी वजावट करूनच ऐकतो. जाणकाराच्या बोलण्यात तशी वजावट करावी हे आपल्या ध्यानातही येत नाही. असली वाक्ये आज संगीतप्रेमी मंडळींत मंत्रासारखी फिरत आहेत, आणि त्यांच्या बळावर पेन्शनीचे पैसे घराबाहेर पडत आहेत.

तंबोऱ्यापासूनच आरंभ करू. मिरजेचा चांगला तंबोरा वर्षानुवर्षे वाळत जातो आणि अधिक मोकळा बोलू लागतो, असे गवई मंडळी सांगतात. त्यांच्या अनुभवाशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. परंतु तंबोऱ्याचे काम काय आहे ते पाहावे. नुसत्या तारेचा आवाज किती क्षीण असतो! त्या क्षीण कंपनाला अंग देणे, घोडीवरील जवारीने त्यातून उपस्वरांची झळाळी उमटविणे, तबली आणि भोपळा यांच्या योगाने ती साऱ्या खोलीत भरून टाकणे, हे त्या वाद्याचे काम. कारागिराची सारी खटपट भोपळ्याने बोलावे ह्यासाठी असते. स्पीकर करणाऱ्याची खटपट नेमकी उलट, म्हणजे पेटीने गप्प बसावे ह्यासाठी. तो पेटीला आतून आडवे टेकू देतो, भिंतींवर डांबरासारखा जड लेप चढवितो, आत लोकर नाही तर तंतूंचा कापूस भरतो. हे सर्व लाकडाने आपले तोंड उघडू नये म्हणून. गायकाने जे गायिले त्यात स्वतःचे काही न मिळविणे हाच त्या पेटीचा धर्म.

आता समजा, चाळीस वर्षांनी त्या पेटीचे लाकूड खरोखरच मुरले आणि गोड बोलू लागले. मग काय झाले? केसरबाईंच्या तानेवर तिने आपली गोडी चढविली, मन्सूरांच्या आवाजावर तीच चढविली, आणि सकाळच्या बातम्यांवरही तीच! लोणच्याची बरणी आणि पाण्याचा माठ ह्यांतला भेद आपल्या घरातल्या लहान मुलासही कळतो. माठातले पाणी मुरू लागले तर आपण ते फेकून देतो. स्पीकर हे वाद्य आहे अशी एकदा समजूत करून घेतली म्हणजे मग त्याच्या वार्धक्याची पूजा सुरू होते, त्याच्या दोषांना स्वभाव म्हटले जाते, आणि दुरुस्तीची गोष्ट काढणारा माणूस अरसिक ठरतो.

स्नेह्यांच्या चिरंजीवांचे मत ह्याच्या अगदी विरुद्ध. दुसऱ्याने वापरलेली वस्तू, तीही चाळीस वर्षांची, हमीपत्र नाही, घेता कशाला? ह्या मतात मला व्यवहारापेक्षा सोवळेपणाच अधिक दिसतो. पहिल्या पानावर परक्याची सही असलेले जुने पुस्तक आपण अभिमानाने घरी आणतो. यंत्र मात्र खोक्यातूनच निघाले पाहिजे! वस्तुतः ज्या तत्त्वावर आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर चालतो, म्हणजे चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू, त्याला आजचे रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली दिले. एकाच केंद्राभोवती वरच्या व खालच्या स्वरांची दोन्ही साधने बसविण्याची टॅनॉय कंपनीची युक्ती १९४७ सालची. पीटर वॉकर ह्यांचा क्वाड, ज्यात शंकू नसून विद्युत्भारित पातळ पडदा थरथरतो, तो १९५७ साली विक्रीस आला आणि १९८५ पर्यंत बनत राहिला. मानवी आवाज इतका स्वच्छ ऐकविणारे नवे स्पीकर आजही फार नाहीत. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील ह्यांनी १९६१ साली पेटी आणि शंकू ह्यांच्या परस्परसंबंधाचे गणित मांडले, रिचर्ड स्मॉल ह्यांनी पुढल्या दशकात ते विस्ताराने पुरे केले, आणि खर्जासाठी पेटी केवढी असावी हा अंदाजपंचे ठरविण्याचा विषय राहिला नाही. तेव्हा १९८० च्या सुमारास एखाद्या चांगल्या कारखान्यातून निघालेली जोडी ही काही अडाणी काळातली वस्तू नव्हे. त्यानंतर मापनाची साधने सुधारली, आणि स्वस्त स्पीकर तर आश्चर्य वाटावे इतके सुधारले. परंतु उत्तम स्पीकर त्या प्रमाणात सुधारला असे मला वाटत नाही. चिरंजीवांना माझे उत्तर एवढेच. खरा वाद आहे तो भक्तांशी.

कारण भक्त जेथे पाहतात तेथे स्पीकरचे म्हातारपण नसतेच. ते लपलेले असते अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या जागी. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर ह्यांनी बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगप्रमाणे राबविण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. मग शंकू मोकळेपणाने मागेपुढे हलावा म्हणून त्याची कड अतिशय मऊ असणे आले. १९७० नंतर कित्येक कारखान्यांनी ही कड फोमची केली. फोम हलका, मऊ आणि स्वस्त. पण त्याचा स्वभाव असा की हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडीत राहतो. स्पीकर वाजवा अगर मखमलीखाली झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत ती कड चिकट तरी होते किंवा भुसा होऊन गळते तरी. मग मुंबईत आणि कोकणात आषाढ-श्रावणात तिचे काय होत असेल? माझ्या स्नेह्यांनी तीस वर्षे जलीय विच्छेदन हा विषय फळ्यावर लिहून शिकविला. स्पीकर पाहावयास निघताना मात्र त्यांस त्याची आठवण झाली नाही! रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कड पुष्कळ अधिक टिकते. तेव्हा जुन्या स्पीकरसमोर उभे राहिल्यावर कंपनी कोणती हे विचारण्याआधी कड कशाची हे विचारावे.

दुसरी जागा पेटीच्या आत असते. खालचे स्वर एका शंकूकडे आणि वरचे दुसऱ्या साधनाकडे वाटून देणारे जे मंडल असते, त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात. काही बनावटींत वरच्या स्वरांच्या घुमटाभोवती चुंबकीय द्रव भरलेला असतो, तोही घट्ट होतो. वरचे स्वर मंदावतात. पण इतके सावकाश, वर्षाला केसाएवढे, की रोज ऐकणाऱ्या मालकाला ते कधी कळतच नाही. उलट, पूर्वीचा कर्कशपणा गेला, आवाज आता मुरला, असे तो पाहुण्यांना सांगू लागतो! पुष्कळ मुरलेल्या स्पीकरांचे रहस्य सुकलेल्या कपॅसिटरात आहे, हे त्या जाणत्या गृहस्थांस कोणी सांगितले तर बरे होईल.

हे सारे मी पुस्तके वाचून शिकलो असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी मीही एका विक्रेत्याकडून मोठ्या नावाची एक जोडी घेतली. नाव वाचले आणि पैसे मोजले. पहिल्याच पावसाळ्यात एका रविवारी सकाळी डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर उजवीकडून फरफर असा आवाज येऊ लागला. जाळी काढून पाहतो तो कडेच्या जागी काळा भुसा. विक्रेता म्हणाला, जुन्या मालाला पाऊस बाधायचाच. तपकीर गल्लीतील एका कारागिराने नवी कड बसवून दिली, आणि ती चांगली बसविली. परंतु तोवर एका बाजूचे वेटोळे चुंबकाला घासून निकामी झाले होते आणि मूळ बनावटीचा घटक कोठे मिळेना. मिळाला तो दुसराच बसविला. तेव्हापासून माझ्या घरी डावीकडचे मन्सूर आणि उजवीकडचे मन्सूर हे सख्खे भाऊ आहेत, एक व्यक्ती नव्हे.

आता नावाच्या महिम्याविषयी. बी.बी.सी. ह्या ब्रिटिश नभोवाणीच्या अभियंत्यांनी १९७० नंतरच्या दशकात बाहेरील प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एक लहान स्पीकर तयार केला. त्याचे नाव एल.एस. ३/५ ए; उंची सुमारे एक फूट, रुंदी साडेसात इंच. गाडीतल्या अडचणीच्या जागेत बोलणाऱ्याचा आवाज खरा ऐकू यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्यातील दोन्ही ध्वनिघटक केफ कंपनीचे. मात्र स्पीकर बनविण्याचा परवाना रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडॉर, हार्बेथ इत्यादी निरनिराळ्या कारखान्यांस दिला गेला, आणि कोणीही बनविला तरी तो मूळ नमुन्याबरहुकूम असावा अशी अट होती. एका गाडीतला काढून दुसरीत लावला तरी आत बसलेल्या अभियंत्यास फरक जाणवता कामा नये! गेल्या शतकाच्या अखेरीस केफने ते घटक बनविणे थांबविले, आणि जुन्या जोड्यांच्या किमती चढू लागल्या. येथवर समजण्याजोगे आहे. परंतु पुढे पुढे पाटी कोणत्या कारखान्याची, आणि त्यातही ती सोनेरी की काळी, ह्यावर किमती ठरू लागल्या. ज्या वस्तूचे सारे पुण्य तिच्या सर्व प्रती सारख्या असण्यात, तिच्या प्रतींत जातिभेद उत्पन्न झाला! आज तीच रचना नव्याने बनविणारे कारखाने आहेत. त्यांतल्या फाल्कनचे संस्थापक माल्कम जोन्स म्हणजे केफमध्ये असताना ते घटक ज्यांनी रचले ते मूळ अभियंतेच. तरी भक्तांचा ओढा जुन्या पाटीकडे तो आहेच.

ह्या लहानग्या स्पीकरविषयी माझ्या मनात आदर आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषगायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने देते. एवढ्याशा पेटीस ती पेलत नाही. तरीही खर्ज ऐकू आला असे वाटते, कारण जवारीने त्या तारेचे उपस्वर भरपूर फुलविलेले असतात आणि खालचा उरलेला स्वर कान आपल्या पदरचा भरून काढतो. डग्ग्याला ही सोय नाही. त्याचा घुमारा अशा पेटीत नुसता सूचित होतो. तेव्हा ज्याला ख्याल ऐकावयाचा त्याचे ह्या स्पीकरवर भागेल, ज्याला तबल्याचा स्वतंत्र वाद नादासकट हवा त्याचे भागणार नाही. आणि हा निर्णय पाटीच्या रंगावरून होत नसतो.

चुंबकांचेही असेच. अल्निको नावाचे, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट ह्यांच्या मिश्रधातूचे चुंबक असलेले स्पीकर आज विशेष पवित्र मानले जातात. १९७८ साली झैरेमधील लढाईमुळे कोबाल्टचे भाव कडाडले आणि त्यानंतर कित्येक कारखान्यांनी अल्निको सोडून फेराइट घेतले, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. बदल झाला तो खाणीतल्या भावामुळे. भक्तांनी त्याचे स्वर्गातून झालेले पतन करून टाकले.

ज्यांस माझे म्हणणे अतिरेकी वाटत असेल त्यांनी फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह ह्या दोन संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग लक्षात घ्यावा. श्रोते तेच, स्पीकर तेच. एकदा पडद्याआड ऐकविले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून. दिसू लागताच मते बदलली. मोठ्या आणि महागड्या जोड्यांचे गुण वाढले, लहान व स्वस्त जोडीचे घटले. हे श्रोते काही बेसुरे नव्हते. परंतु डोळे उघडे असले म्हणजे कान त्यांचे ऐकतो. डोळे मिटून घ्या असा जो सल्ला माझ्या स्नेह्यांस मिळाला, तो ऐकण्यापुरता दिला असता तर मी त्या गृहस्थांचे पाय धरले असते.

अखेर आम्ही त्या घरी गेलो. स्नेही, त्यांच्या पत्नी, चिरंजीव आणि मी. दार मालकांच्या पुतण्यांनी उघडले. मनुष्य सौजन्यशील. "काकांनी फार जीव लावला होता. सगळं मूळचं आहे, कोणी हातसुद्धा लावलेला नाही," असे ते म्हणाले. आम्ही पुरुष मंडळी त्या शिसवी रंगाच्या पेट्यांभोवती प्रदक्षिणा घालीत असता वहिनींनी जाळी काढावयास सांगितली आणि शंकूच्या कडेला करंगळी लावली. "भावजी, हे काय?" करंगळीवर काजळासारखे काहीतरी आले होते. चाळीस वर्षांपूर्वीची मूळ कड आजवर टिकणे शक्यच नव्हते. म्हणून पेटी फिरवून पाहिली, तो मागच्या पाटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक पण नीट अक्षरात लिहिलेले : कड बदलली, मार्च २००४. काका भक्त नव्हते. ते आपल्या यंत्राची निगा राखणारे गृहस्थ होते, आणि त्या एका ओळीने माझ्या दृष्टीने त्या जोडीची किंमत वाढविली; पुतण्यांना मात्र ती ओळ वाचून उगीचच ओशाळल्यासारखे झाले.

चिरंजीवांनी हट्टाने आपली नवी लहान जोडी गाडीत घालून आणली होती. मग खिडकीचे दोन पडदे काढून दोरीवर टांगले, दोन्ही जोड्यांचा आवाज मोबाइलवरील मापकाने सारखा केला, आणि कोणती वाजते आहे हे न सांगता मन्सूरांच्या ध्वनिमुद्रिकेतला एकच तुकडा आळीपाळीने दहा वेळा ऐकविला. स्नेह्यांनी सात वेळा जुन्या जोडीकडे बोट दाखविले. चिरंजीवांनी सहा वेळा. आणि पडदा काढल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मात्र तबल्याच्या ठेक्याला आवाज थोडा वाढविताच जुन्या जोडीतून तीच माझ्या परिचयाची फरफर. ती ऐकावयास जाणकार कशाला हवा?

मग मी हिशेब मांडला. चारही कडा नव्या, कपॅसिटर नवे, वेटोळे घासलेले निघाल्यास त्या घटकाचा धोका, पेट्या उचलून आणण्याचा खर्च. हे सारे वजा जाता पंच्याऐंशी हजारांहून एक रुपया अधिक देऊ नये. पुतण्यांचा चेहरा पडला. त्यांना कोणीतरी दोन लाखांपर्यंत मिळतील असे सांगितले होते; कोणी, ते विचारण्याचे कारण नव्हते. परदेशी चुलतभावास विचारून कळवितो, असे ते म्हणाले. श्रवणमंडळातील गृहस्थांस हे कळले तेव्हा त्यांनी दूरध्वनीवरून आम्हांस कांदेबटाट्यांचे व्यापारी ठरविले. ठरवोत. त्यांच्या खिशातून काही जावयाचे नाही.

परतताना स्नेही गाडीत म्हणाले, "साठी उलटली. वरचे स्वर मला आत्ताच कमी ऐकू येतात. आणखी दहा वर्षे ऐकेन फार तर. त्या माणसाला पन्नास हजार जास्त दिले तर काय बिघडलं?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते, वहिनींजवळ होते. त्या म्हणाल्या, "बिघडणार काही नाही. पण पन्नास हजार त्यांना नाही, त्या पाटीला जातील."

घरी आल्यावर त्यांनी दिवाणखान्यातले पुस्तकांचे कपाट हलवून दोन्ही कोपरे मोकळे करून ठेविले आहेत. पुतण्यांचा निरोप अजून आलेला नाही. पावसाळ्यास तीन महिने आहेत, आणि ती जोडी त्या बंद घरात, पश्चिमेच्या खिडकीखाली उभी आहे.